'प्रोटेक्टेड' आणि 'प्रोटेक्टिव्ह': संरक्षणाची इंग्रजी विशेषणं नीट वाचायची कशी

जुन्या जमिनीच्या कागदात 'प्रोटेक्टेड टेनंट' दिसतं, गडाच्या पायथ्याशी पाटीवर 'प्रोटेक्टेड मॉन्युमेंट', वनखात्याच्या नकाशात 'प्रोटेक्टेड फॉरेस्ट', इतिहासाच्या पुस्तकात 'प्रोटेक्टेड स्टेट' आणि अर्थशास्त्राच्या पेपरात 'प्रोटेक्टिव्ह ड्यूटी'. भाषांतर करणारा माणूस सगळीकडे 'संरक्षित' किंवा 'संरक्षणात्मक' लिहून मोकळा होतो. व्याकरणात चूक काही नसते. पण वाचणाऱ्याला वाटतं की ज्याच्यामागे हे विशेषण लागलं तो सुखरूप आहे, त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी हात आहे. निम्म्या वेळा हे खरं नसतं.

अनुवादक, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, वकिलाकडे जुने कागद घेऊन जाणारी माणसं, गॅझेटिअर चाळणारे हौशी इतिहासप्रेमी, अशा सगळ्यांसाठी हे शब्द कसे फोडायचे याच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: हे विशेषण एकटं कधीच येत नाही. त्याच्यामागे तीन पात्रं उभी असतात, आणि इंग्रजी वाक्य त्यातली दोन बहुधा लपवून ठेवतं. ती शोधून काढल्याशिवाय मराठी शब्द निवडू नये.

पहिली पायरी: शब्दाचं शेपूट बघा

'प्रोटेक्टिव्ह' म्हणजे जे राखतं ते. 'प्रोटेक्टेड' म्हणजे जे राखलं जातं ते. वेल्डिंग करणाऱ्याचा चष्मा प्रोटेक्टिव्ह, त्याचे डोळे प्रोटेक्टेड. मराठीत याला सरळ जोडी आहे: संरक्षक आणि संरक्षित. 'संरक्षणात्मक' हा तिसरा शब्द आपल्याकडे फार बोकाळला आहे. 'संरक्षणात्मक कपडे' म्हटलं की कपडेच बचावाच्या पवित्र्यात उभे आहेत असं वाटतं. 'संरक्षक कपडे' म्हणा, काम होतं. 'संरक्षणात्मक' हा शब्द धोरण, पवित्रा, भूमिका अशा अमूर्त गोष्टींसाठी ठेवावा, आणि तिथेही जपून.

माणसाच्या स्वभावाबद्दल 'प्रोटेक्टिव्ह' आलं तर दोन्ही संस्कृत शब्द बाजूला ठेवा. आई 'संरक्षक' नसते, ती पोराला जपते. 'ओव्हरप्रोटेक्टिव्ह' आई पोराला पदराखालून बाहेर पडू देत नाही. अशा ठिकाणी विशेषणाचं क्रियापद केलं की वाक्य लगेच मराठी होतं.

याच पायरीवर आणखी एक खड्डा आहे. 'प्रोटेक्टिव्ह' आणि 'प्रिव्हेंटिव्ह' हे दोन शब्द घाईत एकमेकांच्या जागी वाचले जातात. 'प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन' म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धता: माणूस पुढे काही करील या संशयावरून त्याला आत ठेवणं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये तिचा उल्लेख आहे आणि १९५० साली तिच्यासाठी वेगळा कायदाही झाला. 'प्रोटेक्टिव्ह कस्टडी' ही वेगळी गोष्ट. ती पुढच्या पायरीत येते.

मूळ धातूकडेही एकदा बघून घ्या, कारण पुढे त्याचा उपयोग होतो. लॅटिनमध्ये 'तेगेरे' म्हणजे झाकणं, आणि 'प्रो' म्हणजे पुढून. पुढून झाकणं म्हणजे 'प्रोटेक्ट'. रोमन माणूस अंगावर घ्यायचा तो 'टोगा', घरावरची 'टाइल' म्हणजे कौल, झाकण काढून उघडं पाडणं म्हणजे 'डिटेक्ट', ही सगळी त्याच घरातली मंडळी. संस्कृतातला 'स्थग्' म्हणजे झाकणं, लपवणं, हा धातूही कोशकार याच कुळात बसवतात आणि त्यावरून आलेला आपला 'ठग' सुद्धा. झाकणारा तुम्हाला पावसापासून झाकतो की तुमच्या डोळ्यांवर झाकण घालतो, हे शब्द सांगत नाही. ते आपणच बघायचं.

दुसरी पायरी: तीन रिकाम्या जागा भरा

विशेषण दिसलं की कागदाच्या कडेला तीन प्रश्न लिहायचे. राखतो कोण? राखलं जातं कोण किंवा काय? आणि कुणापासून? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत अनुवाद करायचा नाही.

इंग्लंडचाच नमुना घ्या. तिथे 'प्रोटेक्टर' हे एक पद होतं. राजा अल्पवयीन असला की राज्य सांभाळायला नेमलेला माणूस. १४८३ मध्ये पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा होता आणि त्याचा काका रिचर्ड, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, प्रोटेक्टर झाला. काही आठवड्यांत तोच तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला. पुतण्या आणि त्याचा धाकटा भाऊ टॉवर ऑफ लंडनमध्ये होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मराठी वाचकाला इथे शनिवारवाडा आठवणारच. १५४७ मध्ये नऊ वर्षांच्या सहाव्या एडवर्डसाठी एडवर्ड सीमोर, ड्यूक ऑफ सॉमरसेट, लॉर्ड प्रोटेक्टर झाला. आणि १६५३ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने हेच बिरुद घेतलं तेव्हा तर राखायला राजाच उरला नव्हता, त्याचा शिरच्छेद १६४९ मध्येच झाला होता. तेव्हा क्रॉमवेलचा 'प्रोटेक्टर' अनुवादताना 'पालक' किंवा 'कारभारी' चालणार नाही, सॉमरसेटचा चालेल. शब्द एक, रिकाम्या जागा भरल्या की दोन अर्थ.

आता घरचं उदाहरण. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पुण्यातून निघून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजी इतिहासकार याला पेशव्याला दिलेलं 'प्रोटेक्शन' म्हणतात. रिकाम्या जागा भरून बघा. राखणारा: ईस्ट इंडिया कंपनीची किमान ६,००० पायदळाची कायमची फौज. राखला जाणारा: बाजीराव. कुणापासून: होळकरांपासून, म्हणजे मराठी राज्यातल्याच सरदारापासून. आणि चौथा प्रश्न, जो अशा राजकीय कागदात आवर्जून विचारावा: खर्च कोण देतो? बाजीरावच. २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख त्यासाठी तोडून दिला. शिवाय दुसऱ्या सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, वैर असलेल्या युरोपीय देशाचा माणूस चाकरीला ठेवायचा नाही, ही बंधनं. अशा राज्याला मराठीत 'संरक्षित राज्य' म्हणणं म्हणजे कंपनीच्या कारकुनाची भाषा उचलणं आहे. आपल्याकडे 'अंकित' हा नेमका शब्द आहे. खंडणी देणाऱ्याला 'मांडलिक' म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'तैनाती फौज' रूढ झालं ते बरं झालं, त्यात निदान फौज कुणाची हा प्रश्न उभा राहतो.

याच प्रकारचा एक शब्दप्रयोग माणसांना चिकटला. १९४७ पूर्वी कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर किंवा इंदूर संस्थानातला माणूस कायद्याने 'ब्रिटिश सब्जेक्ट' नव्हता. पुण्यातला होता, कारण पुणे ब्रिटिश इलाख्यात. संस्थानी रयत 'ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन'. विलायतेला निघालेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांवर असे दोन वेगळे दर्जे असत, आणि त्यात 'प्रोटेक्टेड' हा दर्जा वरचा नव्हता, खालचा होता. आजोबांच्या कागदात असा उल्लेख सापडला तर 'इंग्रजांनी त्यांना खास संरक्षण दिलं होतं' अशी गोष्ट नातवंडांना सांगू नका. ते संस्थानचे रहिवासी होते एवढाच त्याचा अर्थ.

'प्रोटेक्टिव्ह कस्टडी' हा शब्दप्रयोग १९३० च्या दशकात इंग्रजीत पसरला तो जर्मन 'शुट्झहाफ्ट'चा अनुवाद म्हणून. राइशस्टाग म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला लागलेल्या आगीनंतर निघालेल्या २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाने नागरिकांचे हक्क स्थगित झाले आणि विरोधकांना खटल्याविना 'संरक्षणासाठी' उचलणं सुरू झालं. त्याच मार्चमध्ये दाखाउची छळछावणी उघडली. इथे तिसरी रिकामी जागा भरायला गेलं की शब्द उघडा पडतो: सरकार म्हणे, जनतेच्या रागापासून त्याच माणसाला वाचवतो आहोत. आजही इंग्रजीत साक्षीदाराला किंवा धोक्यात असलेल्या मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी हाच शब्द प्रामाणिकपणे वापरतात. म्हणून १९३३ नंतरच्या जर्मनीबद्दल लिहिताना हा शब्द अवतरणचिन्हात ठेवा, आणि साक्षीदाराबद्दल लिहिताना 'संरक्षणासाठी ताब्यात' असं सुटसुटीत लिहा.

आपल्या कायद्यातही याचा एक चुलतभाऊ आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात 'प्रोटेक्टिव्ह होम' येतं. सोडवून आणलेल्या स्त्रीला दंडाधिकारी तिथे एक ते तीन वर्षं ठेवण्याचा आदेश देऊ शकतो, आणि कायद्याची भाषा तिला 'ठेवून घेण्याची' आहे, 'राहू देण्याची' नाही. अनुवादात 'संरक्षणगृह' हाच शब्द ठेवावा लागतो, तो संज्ञा म्हणून ठरलेला आहे. पण बातमी किंवा लेख लिहिताना 'तिला संरक्षणगृहात आसरा मिळाला' असं लिहिण्यापूर्वी ती तिथून स्वतःहून निघू शकते का, हे विचारून घ्यावं.

तिसरी पायरी: सन बघा

शब्द तोच राहतो, त्याची किंमत बदलते. 'प्रोटेक्टिव्ह' हे विशेषण इंग्रजीत सतराव्या शतकापासून सापडतं, पण एकोणिसाव्या शतकात ते व्यापाराच्या भांडणात सापडलं आणि गटागटात वाटलं गेलं. एकाला ते कौतुकाचं, दुसऱ्याला शिवीसारखं.

अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ च्या आपल्या अहवालात नव्या कारखान्यांना राखण्याची बाजू मांडली आणि १८१६ चा जकात कायदा तिथला पहिला 'प्रोटेक्टिव्ह टॅरिफ' मानला जातो. इंग्लंडमध्ये उलटा वारा. १८१५ चे धान्य कायदे जमीनदारांना राखत होते, ते १८४६ मध्ये रद्द झाले, आणि त्यानंतर इंग्रज सभ्य गृहस्थाच्या तोंडी 'प्रोटेक्टिव्ह' म्हणजे मागासलेलं, स्वार्थी, असा सूर आला.

मुंबईच्या गिरण्यांनी या सुराची झळ सोसली. पैशाच्या ओढीमुळे १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारला विलायती कापडावर ५ टक्के आयात जकात बसवावी लागली. हेतू तिजोरी भरण्याचा होता. पण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली की ही जकात 'प्रोटेक्टिव्ह' आहे, तिच्यामुळे हिंदी गिरण्यांना आडोसा मिळतो. मग तो आडोसा काढण्यासाठी देशी गिरण्यांच्या बारीक सुतावरही तेवढाच अबकारी कर लावला. १८९६ मध्ये दोन्ही बाजू साडेतीन टक्क्यांवर आणल्या: विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, मुंबईच्या गिरणीतल्या कापडावर साडेतीन टक्के कर. आपल्याच देशातल्या मालावर कर लावायचा, कशासाठी, तर आपल्या मालाला चुकूनही संरक्षण मिळू नये म्हणून! हा कर १९२६ पर्यंत पुरता गेला नाही. त्या काळातल्या इंग्रजी अहवालात 'नॉट प्रोटेक्टिव्ह इन कॅरॅक्टर' असं दिसलं तर तो नुसता वर्णनाचा शब्द समजू नका. ती मँचेस्टरला, म्हणजे लँकेशायरच्या त्याच गिरणीवाल्यांना दिलेली हमी आहे.

दुसऱ्या बाजूला न्यायमूर्ती रानडे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडला लागू पडणारे मुक्त व्यापाराचे नियम जशास तसे इथे लागू करता येत नाहीत, आणि उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे, हा त्यातला मुद्दा. फ्रीडरिश लिस्ट या जर्मन विचारवंताचा आधार त्यांनी घेतला. रानड्यांच्या पिढीच्या लेखनात 'प्रोटेक्शन' हा आशेचा शब्द आहे. पुढे १९२१-२२ च्या आर्थिक आयोगाने, ज्याचे अध्यक्ष मुंबईचे इब्राहिम रहिमतुल्ला होते, निवडक उद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली, १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड आलं आणि १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याचा फायदा मुख्यतः टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याला झाला.

अनुवादासाठी यातून एक सोपी कसोटी मिळते. मराठी अर्थशास्त्रात 'संरक्षक जकात' आणि 'महसुली जकात' असे दोन शब्द आहेत. महसुली जकात यशस्वी झाली तर तिजोरीत पैसा येतो. संरक्षक जकात पूर्ण यशस्वी झाली तर परदेशी माल येतच नाही आणि तिजोरीत छदाम पडत नाही. वाक्यात उत्पन्नाचं कौतुक चाललं असेल तर तिथे 'संरक्षक' लिहिताना दोनदा विचार करा.

कामगार कायद्यांत या विशेषणाला आणखी एक वळण मिळालं. १८८१ आणि १८९१ च्या कारखाना कायद्यांना इंग्रजीत 'प्रोटेक्टिव्ह लेजिस्लेशन' म्हणतात. १८९१ च्या कायद्याने बायकांचं काम ११ तासांवर आणलं, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली, आठवड्याची सुट्टी दिली. या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनने १८८४ पासून आवाज उठवला होता. हे संरक्षण खरंखुरं होतं. पण १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देण्याची मर्यादा घातली, आणि पुढे स्त्रीवादी लेखनात 'प्रोटेक्टिव्ह' हा शब्द टीकेचा झाला: रात्रपाळीच्या जाचातून वाचवलं की रात्रपाळीच्या पगारातून? लेख कुठल्या दशकातला आहे हे न बघता अनुवाद केला तर लेखिकेची टीका कौतुक होऊन बसते.

चौथी पायरी: कायद्याचा कागद असेल तर व्याख्येचं कलम उघडा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची. कायद्यात 'प्रोटेक्टेड' हा शब्द कोशातला अर्थ घेऊन येत नाही, त्या त्या कायद्याने शिवून दिलेला अंगरखा घालून येतो. एका कायद्यातला अर्थ दुसऱ्यात नेला की घोटाळा ठरलेला.

संरक्षित कुळापासून सुरुवात करू, कारण मराठी घरांत हा शब्द सगळ्यात जास्त वेळा भेटतो. १९३९ च्या मुंबई कुळ कायद्याने ही संज्ञा आणली. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जो जमीन स्वतः कसत होता तो 'प्रोटेक्टेड टेनंट'. बाकीचे साधे कूळ. आता तीन रिकाम्या जागा: राखणारा कायदा, राखलं जाणारं कूळ, आणि कुणापासून, तर जमीनमालक मनमानी करून जमिनीतून काढील यापासून. बस्स, तेवढंच. भावकीच्या वाटणीपासून नाही, सरकारच्या भूसंपादनापासून नाही. 'आमच्या आज्याचं संरक्षित कूळ आहे, आता कुणी हात लावू शकत नाही' हे चावडीवर ऐकायला मिळणारं वाक्य या तिसऱ्या जागेपाशी अडकतं.

पुढची अडचण अशी की महाराष्ट्रात कुळांसाठी तीन वेगवेगळे कायदे आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. त्याच्या कलम ४-अ मध्ये १९३९ च्या कायद्यातली संरक्षित कुळं पुढे चालू राहतात. मराठवाड्यात निजामी राजवट संपल्यावर आलेला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा. म्हणून कागद हाती आला की आधी जिल्हा बघा, मग कायदा, मग कलम. सातारच्या जमिनीत १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन महत्त्वाचा, त्या दिवशी कसणारी कुळं काही अपवाद सोडून मानीव खरेदीदार ठरली, म्हणजे त्यांनी जमीन विकत घेतली असं कायद्याने धरलं, आणि संरक्षित असो वा साधं, कुळाने पुढे किंमत भरून कलम ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र घेतलं का हा खरा प्रश्न राहतो. मराठवाड्यातल्या जमिनीत मात्र हैदराबाद कायद्याच्या कलम ३८-ई खाली मालकी गेली असेल तर ती संरक्षित कुळाकडेच, त्यामुळे तिथे 'संरक्षित' हे एकच विशेषण सगळा खटला फिरवू शकतं. साताऱ्याच्या वकिलाचं उत्तर बीडच्या जमिनीला लावू नये.

जंगलाचं प्रकरण याहून गमतीचं. १९२७ च्या वन कायद्यात 'रिझर्व्ह्ड फॉरेस्ट' म्हणजे राखीव वन आणि 'प्रोटेक्टेड फॉरेस्ट' म्हणजे संरक्षित वन. मराठी कानाला 'संरक्षित' जास्त भारदस्त वाटतं, पण कायद्यात ते सैल आहे. राखीव वनात जे करायला परवानगी दिली नाही ते सगळं मना. संरक्षित वनात जे मना केलं नाही ते चालतं. कलम ३० खाली सरकार अधिसूचना काढून ठराविक जातीची झाडं राखून ठेवू शकतं, एखादा तुकडा तीस वर्षांपर्यंत बंद करू शकतं, दगड काढायला किंवा कोळसा पाडायला बंदी घालू शकतं. अधिसूचनेत नाही ते मोकळं. त्यामुळे संरक्षित वनाच्या कडेच्या गावाला सरपण-चराईबद्दल सल्ला द्यायचा तर 'संरक्षित' हा शब्द वाचून काही कळत नाही, अधिसूचना हातात घ्यावी लागते.

आता हेच विशेषण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बघा. तिथे 'प्रोटेक्टेड एरिया' म्हणजे राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवर्धन राखीव क्षेत्र किंवा सामुदायिक राखीव क्षेत्र. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान 'संरक्षित क्षेत्र' आहे आणि तिथे बंधनं राखीव वनापेक्षाही कडक. म्हणजे 'संरक्षित' हा शब्द एका कायद्यात सगळ्यात ढिला आणि दुसऱ्यात सगळ्यात घट्ट, आणि राबवणारं खातं एकच. बातमीत 'संरक्षित जंगलात बांधकाम' असं वाचलं की संरक्षित वन की संरक्षित क्षेत्र, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गडकिल्ल्यांच्या पाट्यांचं त्यामानाने सोपं. १९०४ मध्ये कर्झनच्या काळात पहिला कायदा आला, सध्याचा केंद्राचा कायदा १९५८ चा. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर राजगड, साल्हेर राज्याच्या संचालनालयाकडे, म्हणजे दोन्हीकडे 'संरक्षित स्मारक' अशीच पाटी, पण कायदा आणि तक्रारीचा पत्ता वेगळा. 'संरक्षित' म्हणजे 'सरकारी मालकीचं' असं नाही, खाजगी मालकीची वास्तूही संरक्षित असू शकते. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित पट्टा, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. त्याच दुरुस्तीने नासधुशीची शिक्षा तीन महिने व पाच हजारांवरून दोन वर्षं व एक लाखापर्यंत गेली, त्यामुळे पाटीवर पाच हजारांचा आकडा असला तर पाटी जुनी आहे एवढंच समजायचं. कुणापासून संरक्षण या जागेत इथे आपलंच नाव लिहायचं आहे, भिंतीवर बदाम कोरणाऱ्याचं.

आणि शेवटी माथाडी. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा ज्यांच्यासाठी झाला त्यांना कायदा 'अनप्रोटेक्टेड वर्कर' म्हणतो, असंरक्षित कामगार. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं या 'असंरक्षित' माणसाला मिळतं. उलट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'प्रोटेक्टेड वर्कमन' हा युनियनचा मान्यताप्राप्त पदाधिकारी, वाद चालू असताना त्याला परवानगीशिवाय काढता येत नसे. त्या कायद्यात एका कारखान्यात असे लोक एकूण कामगारांच्या एक टक्का, कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त शंभर असत. कोशावर विसंबून 'असंरक्षित' म्हणजे वाऱ्यावर सोडलेला, असा अर्थ लावला तर माथाडी मंडळाचा अख्खा कागद उलटा वाचला जातो.

पाचवी पायरी: मराठी शब्द निवडा, पण आधी भाता रिकामा करा

'संरक्षित'वर हात जाण्यापूर्वी हे शब्द समोर मांडा: राखलेला, राखीव, अंकित, आश्रित, मांडलिक, अभय दिलेला, पाठीशी घातलेला, जपलेला, बंदोबस्तातला. संज्ञा कायद्याने ठरवलेली असेल तर निवडीचा प्रश्न नाही, भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि न्याय व्यवहार कोश बघून ठरलेला शब्द घ्यायचा. नसेल तर काळाला शोभेल तो. शिवकाल-पेशवाईच्या संदर्भात इंग्रज वखारवाले 'लेटर ऑफ प्रोटेक्शन' म्हणतात तिथे बहुतेक वेळा आपल्याकडचा कौल किंवा अभयपत्र असतं. 'कौल' हा शब्द तर इंग्रजांनी उचलून 'काउल' केला आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो सापडतो. त्याचा परतीचा अनुवाद 'संरक्षणपत्र' करणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा म्हणून परत आणणं.

जुन्या मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि इंग्रजीकडून मराठीकडे येताना कँडीचा १८४७ चा कोश हाताशी ठेवा. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी मजकूर अनुवादताना त्याच शतकातला कोश बघणं ही चैन नाही, गरज आहे.

सहावी पायरी: उलटा अनुवाद करून बघा

मराठी वाक्य तयार झालं की ते कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, यात कोण कुणाला कुणापासून राखतंय? त्याचं उत्तर तुमच्या कडेच्या टिपणाशी जुळलं पाहिजे. समजा मूळ वाक्य असं: 'द चीफ, नाऊ प्रोटेक्टेड, डिसबँडेड हिज हॉर्स.' पहिला मसुदा: 'आता संरक्षित झालेल्या सरदाराने आपलं घोडदळ बरखास्त केलं.' वाचणारा म्हणेल, बरं झालं, लढाईची कटकट गेली. टिपणात मात्र लिहिलेलं आहे की राखणारी कंपनी, आणि घोडदळ मोडणं ही तिचीच अट. दुसरा मसुदा: 'इंग्रजांच्या छत्राखाली गेल्यावर सरदाराला आपलं घोडदळ मोडावं लागलं.' 'लागलं' हे क्रियापद इंग्रजीत नाही, पण ते तहाच्या कलमात आहे, म्हणून ते घालायचा तुम्हाला अधिकार आहे. तहाचं कलम हाती नसेल तर 'घोडदळ मोडलं' एवढंच लिहा आणि कलम शोधायला लागा.

मराठीतून इंग्रजीत जाताना हीच कसरत उलटी करावी लागते. ग्रामसभेच्या ठरावात 'गावाने राखलेलं रान' असतं. ते 'रिझर्व्ह्ड फॉरेस्ट' लिहू नका, 'प्रोटेक्टेड फॉरेस्ट'ही लिहू नका, दोन्ही नावं सरकारी अधिसूचनेची आहेत आणि अर्ज वाचणारा अधिकारी त्यांचा तोच अर्थ घेईल. तिथे 'राखणारा' गाव आहे, तेव्हा इंग्रजीतही कर्ता गावच ठेवा: गाव हे रान राखतं, अमुक सालापासून, कुऱ्हाडबंदी अशी, चराईबंदी अशी. विशेषण टाळलं की अर्जातला गोंधळही टळतो.